सात वेढे आणि एक उलटा

हे नरहरी, मेहकरच्या भूमीत मांड घालून बसलेल्या उग्रमूर्ती, आधी तुझे चरण धरतो. तू शांत देवांच्या पंक्तीतला नव्हेस. एका लेकराच्या शब्दाला भरल्या दरबारात हसले गेले, तेव्हा त्या शब्दासाठी तू खांब फोडलास, नखे लावलीस, आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागितली नाहीस. भाविक तुला चंदनाचा लेप देतात, पन्हे पाजतात, तुझा दाह निवावा म्हणून स्तोत्रे गातात. आज मी तो दाह निववायला आलेलो नाही. ज्या रागाला सत्याची चाड आहे, तो राग तुझाच प्रसाद मानतो, आणि तो प्रसाद नऊ वर्षे पदरात जपलेल्या एका लेकीची कथा तुझ्यापुढे ठेवतो.

तिचे नाव संजीवनी उकंडराव अवचार. गाव डोणगाव, तालुका मेहकर. वय छत्तीस. मेहकरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती भौतिकशास्त्र शिकवते. सकाळच्या एसटीने जाते, दुपारच्या एसटीने येते. डब्यात भाकर आणि वांग्याची भाजी, खांद्याला कापडी पिशवी, चालणे झपाझप, बोलणे तोलून. घरी वडील उकंडराव आणि वडिलांची थोरली बहीण महामाया. आई रुख्मिणी नऊ वर्षांपूर्वी गेली. गावाला ती ‘अवचार मॅडम’ म्हणून ठाऊक आहे. गावाला जे ठाऊक नाही, ते असे.

आपल्या देहातल्या एकेका पेशीत, नुसत्या डोळ्याला न दिसणाऱ्या एका इवल्याशा गोळीत, सुमारे दोन मीटर लांबीचा धागा भरलेला आहे. त्या धाग्यावर आपले वाडवडील लिहिलेले आहेत. प्रथिनांच्या बारीक रिळांवर तो गुंडाळलेला असतो, आणि अशा गुंडाळलेल्या धाग्याला शास्त्रज्ञ क्रोमॅटिन म्हणतात. तो एकसंध नसतो. त्याचे शेहेचाळीस तुकडे असतात. नवल असे की एवढ्याशा जागेत दाटीवाटीने राहूनही प्रत्येक तुकडा आपापला कोपरा धरून असतो. भांडत नाही, मिसळत नाही, दुसऱ्यात गुंतत नाही. असे का, हा प्रश्न आहे. भगवंताने आपल्या आत केलेल्या या मांडणीपुढे मी हात जोडतो. संजीवनीने हात जोडले आणि मग गणित मांडले.

ते गणित असे. धाग्याला मण्यांची माळ समजायचे, आणि दोन मण्यांमध्ये एक स्प्रिंग आहे असे धरायचे. पेशीतले पाणी प्रत्येक मण्याला क्षणोक्षणी आंधळे धक्के देत असते. संगणकाने तसेच धक्के द्यायचे. मग माळ कोणता आकार धरते आणि मणी किती दूर जातो, ते पाहत बसायचे. मोकळा मणी आणि माळेतला मणी यांच्या चालीत फरक असतो. वेळ सोळापट दिला, तर मोकळा मणी चौपट दूर जातो. माळेतला मणी दुपटीवरच अडतो. कारण शेजारी. पुढचा ओढतो, मागचा धरतो.

संशोधनाच्या दिवसांत सुट्टीला घरी आलेल्या लेकीने हे वडिलांना सांगितले, तेव्हा उकंडराव म्हणाले, “म्हंजे मळणीच्या पातीत एकमेकाले बांधेल बैल.”

“हाव बाबा. तसंच.”

“मंग हे शिकाले एवढ्या दूर काऊन गेली व तू? मले इचारलं असतं.”

त्यांनी ते थट्टेत म्हटले. पण खरोखरच, तिने त्यांनाच विचारावे अशी वेळ आली. संगणकातल्या माळेला कोठून तरी सुरुवात करावी लागते. पहिल्या क्षणी दहा हजार मणी कसे मांडावे, की गाठ पडणार नाही? संजीवनीला वडील आठवले. उकंडराव अंबाडीच्या वाखाचा दोर स्वतः वळतात, आणि वळलेला दोर अंगठा व कोपर यांच्यामध्ये, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा गुंडाळून ठेवतात. ते डावखुरे आहेत, म्हणून त्यांचे वेढे इतरांच्या उलट दिशेने पडतात. शिवाय त्यांची एक खोड आहे. सात वेढे झाले की एक वेढा उलटा घालायचा. त्याने दोराचा पीळ सुटतो आणि लड सोडताना गाठ होत नाही. संजीवनीने आपली माळ तशीच मांडली. सात वेढे, एक उलटा. सात वेढे, एक उलटा. आणि वहीत, आकृती काढून, तारीख घालून लिहिले: “ही वडिलांची पद्धत. हा आकार माझा आहे, निसर्गाचा नाही. हा ठसा पुसला जाईपर्यंत माळ हलू द्यावी. त्याआधी कोणताही निष्कर्ष काढू नये.”

ही गोष्ट एका मोठ्या शहरातल्या संशोधनसंस्थेतली. तिथे तिचे मार्गदर्शक होते डॉक्टर सुधाकरराव. विद्वान, वक्ते, नीटनेटके. वाक्य संपताना चष्मा काढून हातात घेणारे. पाच वर्षे संजीवनीने त्यांच्या हाताखाली काम केले. पाचव्या वर्षी आईचे दुखणे विकोपाला गेल्याचा फोन आला. वही पिशवीत टाकून ती डोणगावला आली. दोन महिने उशाशी बसली. रुख्मिणीबाईंना एकच ध्यास होता. लेकीच्या नावामागे डॉक्टर लागलेले पाहायचे. तो ध्यास घेऊनच त्या गेल्या.

तेरवी उरकून संजीवनी परतली, तेव्हा तिचे काम छापून आलेले होते. नाव सुधाकररावांचे. शेवटी, बारीक अक्षरांत, आभार मानले होते: ‘आकडेमोडीतील साहाय्याबद्दल कु. अवचार.’

ती त्यांच्या खोलीत गेली.

“सर, हे काम माझं आहे.”

“बस. आई गेली ना तुझी? कळलं मला. वाईट झालं.”

“माझी मांडणी, माझे मणी, माझे पाच वर्षांचे आकडे.”

सुधाकररावांनी चष्मा काढला. “हे बघ, संजीवनी. तुमच्या घरी दोर वळतात, असं तूच सांगितलं होतंस. वळणाऱ्यानं वळावा. तो कशाला बांधायचा, ते ठरवणारी माणसं वेगळी असतात. आणि तू बोलतेस कशी, ते ऐकलंयस कधी? चार परदेशी पाहुण्यांपुढे उभी राहून ‘मले’, ‘तुले’ करणार. त्यात या कामाची शोभा राहील का? तू दुसरा विषय घे. तीनेक वर्षांत उरकून जाईल.”

ती उठली. प्रबंधावर सही मिळाली नाही, पदवी मिळाली नाही. खोलीतले सामान दोन पिशव्यांत मावले. डोणगावच्या फाट्यावर उतरली तेव्हा महामाया आत्या समोर उभ्या होत्या. त्यांनी पिशव्या पाहिल्या, तोंड पाहिले, आणि एक पिशवी आपल्या हातात घेतली. संजीवनीने घरी एवढेच सांगितले की काम पुरे झाले नाही. बापाविषयी तो माणूस काय बोलला, ते तिने बापाला सांगितले नाही. ते तिने छातीत ठेवले, राखेखाली निखारा ठेवावा तसे.

वाचकहो, निखारा ठेवणे सोपे नाही. फुंकत राहिले तर घर पेटते, विसरले तर विझतो. तिने दोन्ही होऊ दिले नाही.

मेहकरात नोकरी लागली. दोन वर्षांनी सुधाकररावांचा दुसरा लेख निघाला. त्यात त्यांनी नवा शोध जाहीर केला होता: मण्यामण्यांमध्ये एक विशेष आकर्षणाचे बल आहे, आणि त्या बलामुळेच प्रत्येक धागा आपला कोपरा धरतो. शेजारी मोठे चित्र होते. संजीवनी ओसरीवर बसून ते चित्र पाहत होती, आणि पाहता पाहता हसायला लागली. असे हसू घरात तेरवीनंतर ऐकू आले नव्हते.

महामाया आत्या चुलीपासून उठून आल्या. “काय झालं व? वेडीगिडी झाली का?”

“आत्या, पाह्य. बाबाचा हात छापून आला.”

“आता वं माय. कुठी?”

“हे पाह्य. सात वेढे. हा उलटा. पुन्हा सात.”

चित्रात वेढे जसेच्या तसे होते, डावखुरे होते, आणि दर सातानंतर एक उलटा होता. सुधाकररावांनी तिची मांडणी उचलली. पण इशारा वहीत होता आणि वही डोणगावच्या कपाटात होती. त्यांनी माळ पुरती हलू दिलीच नव्हती. आरंभाचा ठसा अंगावर तसाच होता, आणि त्या ठशाला त्यांनी निसर्गाचा नियम म्हटले होते. बल काढून टाकले तर काय होते, एवढा एक साधा पडताळा घेण्याची तसदी त्यांनी घेतली नव्हती.

तो पडताळा संजीवनीने घेतला. महाविद्यालयाच्या संगणकखोलीत अकरा जुनी यंत्रे होती. दिवाळीच्या सुट्टीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, प्राचार्यांची परवानगी काढून तिने ती चालवली. वीज जाई, म्हणून दर अर्ध्या तासाला मण्यांच्या जागा नोंदवून ठेवायच्या, वीज आली की तिथून पुढे. दोन वर्षे लागली. निकाल स्वच्छ होता. बल शून्य केले तरी धागे आपापल्या कोपऱ्यातच राहत होते. त्यांना कोणी बांधून ठेवलेले नव्हते. एवढ्या दाटीत, एवढ्या लांब धाग्याला आपली सुरुवात विसरायला इतका काळ लागतो की तो काळ पेशीच्या आयुष्यात मावत नाही. धागा वेगळा राहतो, कारण तो अजून विसरलेला नाही. आणि हालचाल? बल नसताना मणी सोळापट वेळात दुप्पट जात होता, जिवंत पेशीत मोजलेला मणी जातो तसाच. सुधाकररावांचे बल लावले की तो दीडपटीवरच अडखळत होता. म्हणूनच त्यांनी आकाराची चित्रे छापली होती आणि हालचालीचा आलेख छापलाच नव्हता.

त्या दिवशी तिने एक पत्र लिहिले असते, तर शोध तिचा ठरला असता. तिने लिहिले नाही. कागद आईच्या लुगड्यांखाली ठेवून कपाट लावले. कारण तेव्हा सुधाकरराव दोनच पायऱ्या चढले होते. तिला ते आणखी उंच हवे होते.

ते चढले. त्यांनी त्या वेढ्यांना ‘सप्तावर्त नियम’ असे भारदस्त नाव दिले. त्यावर पुस्तक लिहिले आणि मुखपृष्ठावर तेच चित्र घातले. सत्कार झाले, शाली आल्या. याच काळात परदेशातल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे तेच छापले, जे संजीवनीच्या कपाटात पडून होते: धागा आरंभ विसरत नाही, म्हणून वेगळा राहतो. तिने ते वाचले आणि संध्याकाळी आत्यांना सांगितले.

महामाया आत्यांना सारे कळत नसे. पण जेवढे कळायचे तेवढे बरोबर कळे. त्या म्हणाल्या, “तोंडचा घास गेला न तू पाह्यत राह्यली.”

“जाऊ दे. मले घास नाई पाह्यजे.”

“मंग काय पाह्यजे तुले?”

“त्याचं ताट.”

आत्यांनी सुपातली ज्वारी पाखडली आणि म्हणाल्या, “उपाशी मरशीन.”

“मरीन.”

कीर्तनकार म्हणून क्षमेवर मी अनेक निरूपणे केली आहेत, आणि क्षमेवर टाळ बरा वाजतो. पण ज्याने मागितली नाही त्याला क्षमा द्यायची, म्हणजे देवाच्या भांड्यातले दूध रस्त्यावर ओतायचे. ते मी या लेकीला कधी सांगितले नाही.

गेल्या हिवाळ्यात खामगावच्या एका महाविद्यालयात जिल्ह्यातल्या विज्ञानशिक्षकांचे संमेलन भरले. प्राचार्य भगवंतराव यजमान. प्रमुख वक्ते डॉक्टर सुधाकरराव, विषय सप्तावर्त. निमंत्रणपत्रिका हातात आली तेव्हा संजीवनीने ती तीनदा वाचली. मग वडिलांना म्हणाली, “बाबा, खामगावच्या बाजारातून गाय आणू. दोर घ्या सोबत. तुमच्या हातचा, नवा.”

“आपल्या गावात गाई मेल्या का?”

“थ्या चांगल्या असतात म्हणे.”

उकंडरावांनी लड खांद्याला लावली आणि बापलेक निघाले. खामगावात उतरल्यावर ती म्हणाली, आधी माझं एक भाषण आहे, मग बाजार. उकंडराव तिच्या मागे चालू लागले. लेकीचा खोटेपणा ओळखण्याइतके वय त्यांचे होते.

सभागृहाबाहेर चहा चालला होता. सुधाकररावांनी तिला लांबून ओळखले. केस पांढरे झाले होते, चष्मा तोच. त्यांनी तिला खांबाआड बोलावले. दोन पावलांवर उकंडराव बशीतून चहा पीत उभे होते. ते कोण, हे सुधाकररावांना ठाऊक नव्हते.

“बरं झालं भेटलीस. तू इकडेच असतेस असं कळलं होतं. हे बघ, जुनं सगळं सोडून देऊ. तुझा प्रबंध अजून घेता येईल, मी शब्द टाकला तर. सहा महिन्यांत डॉक्टर होशील. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत नावही घालू.”

“आणि?”

“आणि काही नाही. ती पहिली मांडणी तू कशी केली होतीस, तेवढं दोन पानांत लिहून दे. परदेशी परीक्षक मागे लागलाय. माझ्याकडे नुसते आकडे आहेत.”

“विचार करते, सर,” ती म्हणाली.

ते आत गेले. उकंडरावांनी बशी खाली ठेवली. “संजू, हाच का तो?”

“हाव.”

“डाक्टर करतो म्हणते.”

“म्हणते.”

“घे ना मंग बाई. काय जाते आपलं? तुह्या मायले लय वाटे. दारावर पाटी लागन.”

तेव्हा तिने सांगितले. नऊ वर्षे जे सांगितले नाही ते, शब्दाला शब्द. दोर वळणाऱ्याने वळावा. ‘मले’, ‘तुले’. सारे.

उकंडराव खांद्यावरची लड चाचपत राहिले. “माह्या बापानं वळला, म्या वळला. त्यात लाजाले काय झालं?”

“तुम्हाले नाई वाटली, बाबा. त्यानं मले वाटाले लावली. दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडताना आधी मनात शब्द धुऊन घेत होती.”

“आज बोलली तं डिगरी गेली?”

“गेली. कायमची.”

“न नाई बोलली तं?”

“तं घरी घेऊन येईन. त्याच्या हातून.”

उकंडरावांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसले. “तुही माय असती तं काय म्हणली असती, सांगू? थे पह्यल्याच दिवशी त्याच्या दारात जाऊन बसली असती, न तो बाहीर निंगेलोक उठली नसती. आपणच नऊ वर्षं लावले. चाल आतमंधी.”

व्याख्यान तासभर झाले. पडद्यावर मुखपृष्ठाचे चित्र होते, आणि सुधाकरराव काठीने वेढे दाखवत होते. भगवंतरावांनी प्रश्न विचारण्याचे आवाहन केले. संजीवनी उठली, ध्वनिक्षेपकापाशी गेली, आणि शब्द न धुता बोलली.

“नमस्कार. मी संजीवनी अवचार, डोणगावची. सर, मले एक सांगा. हे सात वेढे न एक उलटा, हे तुमच्या बलानंच होते का?”

सुधाकररावांसमोर पाचशे शिक्षक बसले होते. माघार घ्यायला वाट नव्हती. “अर्थात. तोच तर नियम आहे.”

“बलाबिगर असा आकार कुठंच पडणार नाई?”

“शक्य नाही.”

“डाव्याच अंगानं काऊन पडते?”

“ते... बलाचं स्वरूपच तसं आहे.”

“भगवंतराव सर, हे लिहून घ्या. बाबा, या जरा वरते.”

पांढरा सदरा, खांद्यावर दोर, पायांत धुळीच्या वहाणा. उकंडराव पायऱ्या चढले. वहाणा व्यासपीठाखाली काढल्या. लेकीने सांगितले, दोर सोडा आणि पुन्हा गुंडाळा, घरी गुंडाळता तसा. त्यांनी दोर सोडला. डावा अंगठा वर करून पहिला वेढा घेतला. मागच्या रांगेतून कोणी मोजू लागले, मग सारे सभागृह मोजू लागले. एक. दोन. तीन. सातव्याला आवाज मोठा झाला. आठव्या वेढ्याला उकंडरावांनी मनगट फिरवले आणि वेढा उलटा घातला. पुन्हा सात. पुन्हा उलटा.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, “काका, उल्टा कायले घालता?”

“पीळ काढा लागते ना बाप्पा. नाई काढला तं दोर अंगावर येते.”

पहिले हसू मागून आले. मग ते पुढे पुढे सरकत व्यासपीठापर्यंत पोहोचले. पडद्यावर शास्त्राचा नियम होता आणि त्याच्याखाली तोच नियम एका शेतकऱ्याच्या कोपराला लटकत होता.

इथे कोणी हळवी असती तर थांबली असती. संजीवनी थांबली नाही. तिने वहीचे पान दाखवले, तारखेसह. बल शून्य केलेली माळ दाखवली, वेढ्यास वेढा जुळणारी. मग हालचालीचा आलेख लावला. “सर, जित्या पेशीतला मणी सोळापट वेळात दुप्पट जाते. तुमच्या बलानं तो दीडपटच जाते. हा आलेख तुमच्या पुस्तकात नाई. काऊन नाई?”

सुधाकररावांनी चष्मा काढला आणि ते तो पुसू लागले.

“बरं, नका सांगू. तुमच्या पह्यल्या लेखातली आभाराची ओळ तेवढी वाचून दाखवा. हा घ्या लेख.”

“संजीवनी, हे इथं...”

“वाचा, सर. मोठ्यानं. मागे ऐकू नाई येत.”

त्यांनी वाचले. आकडेमोडीतील साहाय्याबद्दल कु. अवचार. मग ते खुर्चीत टेकले आणि त्यांनी पाणी मागितले. पाणी भगवंतरावांनी दिले. पेला संजीवनीच्या हाताशी होता. तिने तो उचलला नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. शिक्षकांनी काढलेली चित्रफीत चार दिवसांत संस्थेपर्यंत गेली. चौकशी बसली. तिचा लेख त्यांच्या नावावरून उतरवला गेला, पुस्तक प्रकाशकाने मागे घेतले, आणि सुधाकरराव पदावरून बाजूला झाले. संजीवनीला पदवी मिळाली नाही. मुदत उलटून गेली आहे, असे संस्थेने सौजन्यपूर्ण भाषेत कळवले. तिने एका लहान नियतकालिकात दोन पानांची दुरुस्ती छापली. लेखक दोन: संजीवनी अवचार, उकंडराव अवचार. अवचारांच्या दारावर पाटी नाही. त्या जागी दोन खिळे मात्र आहेत. ते रुख्मिणीबाईंनी हौसेने आधीच ठोकून घेतले होते, आणि आत्या त्यांना चाळण अडकवतात.

चैत्रात सुधाकररावांचे चार पानांचे पत्र आले. क्षमा मागितली होती, वय सांगितले होते, एकटेपण सांगितले होते. मी त्या दिवशी डोणगावात होतो. तिने ते पत्र ओसरीवर मोठ्याने वाचले. उकंडराव म्हणाले, “माणूस खचला व. काहीतरी लिव त्याले.”

तिने लिहिले. पत्रात एके ठिकाणी ‘माझी विद्यार्थिनी’ असे शब्द होते. त्यातला ‘माझी’ तिने लाल शाईने खोडला, आणि चारही पाने त्याच पाकिटातून रजिस्टर पोस्टाने परत पाठवली. दुसरे एक अक्षर लिहिले नाही.

“आता तरी निवलीस का, बाई?” मी विचारले.

“नाई महाराज,” ती म्हणाली. “पण जेवण गोड लागते आता.”

तेवढ्यात आत्यांनी आतून पाने मांडल्याची हाक दिली, आणि आम्ही उठलो.

बाई संजीवनी, भगवंत तुला असेच गोड जेवण रोज देवो. तुझी वाणी कोणापुढेही धुऊन घ्यावी लागू नये. उकंडरावांचा डावा हात शंभर वर्षे थकू नये. महामाया आत्यांच्या जिभेची धार आणि हातची चव दोन्ही टिकोत. रुख्मिणीबाईंना जिथे असतील तिथे लेकीचा अभिमान पुरून उरो. तुझ्या वर्गातून उठणाऱ्या प्रत्येक लेकराचे काम त्याच्याच नावाने छापले जावो, आणि जो कोणी ते हिरावू पाहील, त्याच्या वाट्याला देव तुझ्यासारखीच एखादी पोर धाडो. अवचारांच्या घरी धान्य असो, दूध असो, आणि सत्याची आग असो. घर ऊबदार ठेवणारी, कधी न विझणारी. कल्याण असो, कल्याण असो.